ओळीत आहे का?

सरांचं नाव मी सांगणार नाही. सांगायला लागलो असतो, तर सगळ्यांत आधी त्यांनीच खिशातून कात्री काढली असती.

कात्री खरीच होती. कोटाच्या डाव्या खिशात, चष्म्याच्या घरात घालून ठेवलेली. चष्मा बिचारा उजव्या खिशात किल्ल्यांबरोबर मोकळा पडलेला असायचा. त्याच्या काचांवर इतके ओरखडे होते की सरांना हे जग नेमकं कसं दिसत असेल, असा मला प्रश्न पडे. विभागात नवं मासिक आलं की सर कवितेचं पान शोधत आणि एक अक्षरही वाचायच्या आधी कवीचं नाव कापून टेबलाखालच्या टोपलीत टाकत. मग कविता वाचायला घेत. संध्याकाळी आमचा शिपाई ती टोपली कॉलेजमागच्या खड्ड्यात रिकामी करायचा. मराठीतले भलेभले कवी त्या खड्ड्यात पेन्सिलीच्या सालपटांशेजारी पडलेले मी पाहिलेत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. माझ्या स्वतःच्या कविता तेव्हा साभार परत येत. खड्ड्यात पडायचीसुद्धा माझी लायकी नव्हती.

हे त्र्याहत्तरच्या आसपासचं सांगतोय. सातारा आणि सांगलीच्या मधलं तालुक्याचं गाव, तिथलं नवं कॉलेज. मुलं उसाच्या मळ्यांतून सायकली मारत यायची. निम्म्या घरांतला एकतरी माणूस पलटणीत. सर मराठीचे विभागप्रमुख, मोठ्या कॉलेजांत बरीच वर्षं शिकवून आलेले, आणि मी चोवीस वर्षांचा, सांगलीहून आलेला त्यांचा एकमेव साहाय्यक. मुलाखतीत सरांनी माझ्यापुढे एक बिननावाची कविता सरकवली होती. मी दोन ओळी वाचल्या आणि हुशारी दाखवायला कवीचं नाव ठोकून दिलं. नाव बरोबर होतं. सर खुर्चीत मागे टेकले आणि खिन्नपणे म्हणाले, "तुम्हाला माणूस ओळखता येतो. पोलिसांत जा." तरी नोकरी मिळाली, कारण दुसरा उमेदवार आलाच नव्हता.

जिवंत माणसांच्या नावांचाही त्यांना तेवढाच कंटाळा होता. वर्गात ते मुलांना गावानं हाक मारत. "कोरेगाव, दुसरं कडवं वाचा." "आष्टा, खिडकीबाहेर कविता नाही." आष्ट्याचे तिघं होते, म्हणून आष्टा एक, आष्टा दोन, आष्टा तीन. मी अर्थातच सांगली. महिन्याभरात मला स्वतःलाच हरिपूरपासून बुधगावपर्यंत पसरल्यासारखं वाटायला लागलं.

त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. पत्ता पाकिटावर असतो, पत्रात नसतो, तेव्हा पाकीट फाडून टाका. कविता कुणी लिहिली, कधी लिहिली, त्याचं कोण मेलं होतं, कोण सोडून गेलं होतं, हे सगळं पाकीट. समोर कागदावर जे शब्द आहेत, ते एकमेकांशी कसे बांधलेत, तेवढीच कविता. आणि या बांधणीबाहेरचं कुणी काही बोललं की सर मान तिरकी करून, अगदी प्रेमानं विचारत, "ओळीत आहे का?"

हा प्रश्न वर्गापुरता नव्हता. एका सहकाऱ्याचे वडील वारले. त्यानं नातेवाइकांना पाठवायचं पत्र लिहिलं आणि डोळे पुसत स्टाफरूममध्ये सरांकडे नजर टाकायला दिलं. सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "दुःखद हा शब्द दोनदा आलाय. दुसरा पहिल्याला मारतो." सहकारी म्हणाला, सर, माझे वडील गेलेत हो. सरांनी पत्र पुन्हा उचललं, शोधलं आणि म्हणाले, "ते आहे ओळीत. ते ठेवा."

एकदा मी त्यांची खोड काढली. साखर कारखान्याचं एक सूचनापत्रक आलं होतं, नव्या लागणीच्या उसाला तोड आधी, जुन्या खोडातून फुटलेल्या खोडव्याला नंतर, असं काहीसं. मी ते टाइप केलं, ओळी तोडल्या, नाव काढून टाकलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

लागणीचा ऊस आधी
खोडवा नंतर
पाणी तोडा
पंधरा दिवस
वाट पाहा

सरांनी यावर पूर्ण तास घेतला. मी शेवटच्या बाकावर रुमाल तोंडात कोंबून बसलो होतो. आधी आणि नंतर यांच्यातला ताण, पाणी तोडण्यातली हिंसा, आणि सगळी कविता शेवटच्या दोन शब्दांकडे कशी कलंडते. मुलांना कागद बघताक्षणीच कळलं होतं, कारण तोच मजकूर त्यांच्या घरी भिंतीला चिकटवलेला होता. पण एकानंही तोंड उघडलं नाही. तास संपल्यावर मीच कबुली दिली. मला वाटलं, सर चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "कारखान्याचं आहे, हे ओळीत आहे का?" आणि दारातून वळून म्हणाले, "शेवटचे दोन शब्द खरंच चांगले आहेत, सांगली." त्या रात्री मी ते पत्रक पुन्हा वाचलं. चांगले होते हो. हीच तर पंचाईत होती. माणूस वेडा असता तर मी आयुष्यभर सुखानं हसलो असतो.

सरांच्या पत्नीला मी काकू म्हणायचो. सर आत पुस्तक शोधत असले की काकू मला पोहे देऊन गप्पा मारत. लग्न ठरल्यावर काकूंनी त्यांना एक पत्र लिहिलं होतं. चार परिच्छेदांचं. ते आठवड्यात परत आलं. समासात लिहिलं होतं, तिसरा परिच्छेद अनावश्यक. काकूंनी तो गाळला, तीन परिच्छेदांचं पत्र पुन्हा लिहिलं, आणि लग्न झालं.

"काय होतं हो तिसऱ्यात?" मी विचारलं.

"तेच तर होतं सगळं," काकू म्हणाल्या. "अजून पाठ आहे मला. यांनी विचारलं की सांगेन."

सर अकरा वर्षं एक ग्रंथ लिहीत होते. कविता ही फक्त बांधणी असते, हे तो ग्रंथ कायमचं सिद्ध करणार होता. पण पुस्तकी कविता कितीही सोलली तरी तिला कवीचा वास येतो, अशी त्यांची तक्रार. मग त्यांना जात्यावरच्या ओव्या सापडल्या. कर्ता नाही, काळ नाही, पाकीटच नाही. त्यांनी वर्गाला कामाला लावलं. आई, आजी, आत्या, जिला ओव्या येतात तिच्याकडून उतरवून आणा. एका चिठ्ठीवर एक ओवी. मागची बाजू कोरी. बाईचं नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, काही सांगायचं नाही. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमू लागल्या.

एका गोष्टीचा अर्थ सरांच्या लक्षात यायला हवा होता, तो आला नाही. माझ्याही नाही. जवळजवळ प्रत्येक ओवीत शेवटी कुणाचंतरी नाव होतं. भावाचं, लेकाचं, भाच्याचं. चाल सगळ्यांची एक, ओळीही पुष्कळदा त्याच, पण प्रत्येक बाई त्यात आपल्या माणसाचं नाव ओवायची. सर त्या जागी पेन्सिलीनं फुली मारत. "ती जागा बदलती आहे," म्हणत. "तिथं काहीही चालतं."

मग ती चिठ्ठी आली.

उसाला सोडलं पानी, पाटाला आला येग
पांदीनं येतं कोन

आणि पुढं काही नाही. शेवटचा चरण गायब.

सरांना आनंदानं बसवेना. तासाला त्यांनी फळाभर ती ओवी लिहिली. पानी, पाट, पांद, हा "प" कसा पाटातल्या पाण्यासारखा वाहत येतो बघा. आणि "कोन"पाशी कसा आटतो. पाण्याला वेग आहे, शेतातल्या त्या अरुंद वाटेला मात्र माणूस नाही. बाईनं प्रश्न विचारला आणि उत्तराची जागा उघडी टाकली. तिथं नावसुद्धा घातलं नाही. "नावाशिवाय ओवी उभी राहते, हे या ओवीनं सिद्ध केलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. कविता इतक्या प्रेमानं वाचणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

शंका एकच होती. उतरवून घेणाऱ्यानं शेवट गाळला तर नसेल? सरांनी वर्गात विचारलं. एक मुलगी उभी राहिली. उंब्रजजवळच्या वाडीची, म्हणून सरांच्या लेखी उंब्रज.

"आई तितंच थांबती, सर," ती म्हणाली. "सर, माझा भाऊ..."

"ओळीत आहे का?" सरांनी प्रेमानं विचारलं.

वर्ग हसला. मीही हसलो. मुलगी खाली बसली.

सांगलीला मराठीच्या प्राध्यापकांचं चर्चासत्र होतं आणि अध्यक्ष म्हणून पुण्याचे एक जबरदस्त समीक्षक यायचे होते. सर या ओवीवरचं प्रकरण तिथं वाचणार होते. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो दिवस. पण सर प्रामाणिक होते. बाई थांबते म्हणजे किती थांबते? किती मात्रा? हे मोजल्याशिवाय वाचायचं कसं? त्यांनी खेळाच्या सरांकडून धावण्याच्या शर्यतीचं स्टॉपवॉच मागून घेतलं. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं एस.टी.नं उंब्रजला उतरलो. सरांच्या कोटाला इस्त्री, एका खिशात कात्री, दुसऱ्यात स्टॉपवॉच. मी ही गोष्ट बैठकीत रंगवून सांगतो तेव्हा लोक इथं पोट धरून हसतात. मीही एस.टी.त हसत होतो.

मुलगी फाट्यावर न्यायला आली होती. घर बेताचं, सारवलेलं. सोप्यात आम्हाला घोंगडं अंथरलं. भिंतीवर वर्दीतल्या एका तरुणाचा फोटो होता. त्याला हार नव्हता. फोटोला हार असणं आणि नसणं यांतला फरक त्या भागात शेंबड्या पोरालाही कळतो. मला कळला आणि माझं हसू गेलं. सर स्टॉपवॉचला चावी देत होते.

पाहुण्यांसमोर गायला बाईंना लाज वाटत होती. त्या आत जात्यावर बसल्या, आम्ही बाहेर. गावात गिरणी आली होती, तरी पसाभर धान्य त्या रोज जात्यावरच दळायच्या. घरघर सुरू झाली. चार-पाच ओव्या झाल्या. मग ती आली. उसाला सोडलं पानी. सरांनी अंगठा बटणावर ठेवला. पाटाला आला येग. पांदीनं येतं कोन.

सरांनी बटण दाबलं.

जातं फिरत राहिलं. आवाज मात्र येईना. मी काट्याकडं बघत होतो. वीस सेकंद. चाळीस. एक फेरा पूर्ण झाला आणि काटा पुन्हा वरून निघाला. जात्यातलं धान्य संपलं असावं, कारण आता दगडावर दगड घासल्याचा आवाज येत होता. तरी जातं फिरत होतं. सरांचा अंगठा बटणावर तसाच. कधी दाबायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

मग जातं थांबलं. पिठाचे हात पदराला पुसत बाई उंबऱ्यात आल्या.

"आवं मास्तर," त्या म्हणाल्या, "पोरगी म्हनती, तुमास्नी ववीतलं समदं कळतं. लय शिकल्यालं हाय म्हनं तुमी. मग येक सांगा. हितं नाव घालू का नगं?"

सर घोंगड्यावरून उठून उभे राहिले.

"माज्या लेकाचं नाव हाय तितं," बाई म्हणाल्या. "लडाईला गेला, दोन वर्सं झाली. तार आली, तिच्यात बेपत्ता लिवलंय. आता जित्या मानसाचं नाव ववीत घालत्यात. गेल्याल्याची ववी येगळी आसती, ती बी मला येती. ह्येची कंची म्हनू? बेपत्त्याची ववी मला माज्या आयनं शिकवली न्हाई. तुमच्या बुकात आसंल तर सांगा."

त्या रडत नव्हत्या. दुकानात एखादी वस्तू विचारावी तसं विचारत होत्या. सरांना अलंकार ठाऊक होते, वृत्तं ठाऊक होती, ओवीचे किती प्रकार ठाऊक होते. त्यांचे ओठ हलले. मला भीती वाटली की ते आता त्यांचं ते वाक्य बोलणार.

बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांचं लक्ष सरांच्या हाताकडं गेलं. "घड्याळ चालूच ऱ्हायलंय तुमचं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

निघताना मी मुलीला हळूच भावाचं नाव विचारलं. "दत्तू," ती म्हणाली. "सरांना सांगा." फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना मी सांगितलं. शेवटचा चरणही सांगितला, तो तिनंच मला सांगितला होता: दत्तू बाळाची लगबग. येग, लगबग. चरण तंतोतंत बसत होता. दुसरं कुठलंही नाव तिथं घालून बघा, त्या घरापुरतं तरी ते बसत नव्हतं. सर म्हणाले, "प्रकरणातलं एकही वाक्य चुकीचं नाही, सांगली."

मी म्हटलं, नाहीच.

"तिच्या उपयोगाचंही एक नाही."

पुढच्याच आठवड्यात सांगलीचं चर्चासत्र. मला वाटत होतं, सर जाणारच नाहीत. ते गेले. सभागृह भरलेलं होतं, पुण्याचे अध्यक्ष मधोमध हाताची घडी घालून बसले होते. सरांनी वाचायला सुरुवात केली आणि पंधरा मिनिटं असं वाचलं की पंख्यांचा आवाज नकोसा वाटावा. पानी, पाट, पांद. मग ते ओवीच्या शेवटाशी आले. पांदीनं येतं कोन. आणि थांबले.

त्यांना पुढं वाचता येईना. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांनी खिशात हात घातला. मला वाटलं, रुमाल काढतायत. निघालं स्टॉपवॉच. खेळाच्या सरांना ते परत दिलंच नव्हतं. सरांनी बटण दाबून ते टेबलावर ठेवलं, माइकशेजारी, आणि टिकटिक सगळ्या सभागृहात ऐकू यायला लागली. सर नुसते उभे. अध्यक्षांनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं असेल. मग सरांनी कागद गोळा केले आणि खाली बसले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. अध्यक्ष माइकवर येऊन गहिवरून म्हणाले की विराम म्हणजे काय, हे समजावून देणारे पुष्कळ भेटले, करून दाखवणारा आज पहिला. ग्रंथ त्यांनी तिथल्या तिथं छापायला मागितला.

स्टँडवर आम्ही भडंगाचा पुडा घेऊन बाकावर बसलो. सरांनी एक दाणाही तोंडात टाकला नाही.

"एवढी शिकलेली माणसं," ते म्हणाले. "दीडशे तरी असतील. तो आला का, असं एकानंही विचारलं नाही."

मी म्हटलं, त्यांना काय माहीत, सर.

"पांदीनं येतं कोन, असं मी म्हणालो ना? ओळीत होतं की." मग मान खाली घालून, "मीच शिकवलंय त्यातल्या निम्म्यांना."

ग्रंथ सरांनी दिला नाही. पुण्याहून तीन पत्रं आली, ती न फोडता ड्रॉवरमध्ये पडली. "ओळीत आहे का" बंद झालं. ते वर्गात आता हजेरी स्वतः घेत, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकेक सावकाश, उत्तर देणाऱ्याकडं बघत. अर्धा तास त्यातच जाई. उरलेल्या वेळात क्रमिक पुस्तकावरच्या टिपा उतरवून देत. मुलांना बरं वाटलं, निकाल सुधारला. मला मात्र तो जुना, निर्दय, कविता वाचताना आवाज कापणारा माणूस हवा होता. माझ्या टवाळ खोड्यांनासुद्धा आता काही चव राहिली नव्हती.

एके दिवशी त्यांच्या घरी बसलो असताना सर अचानक काकूंना म्हणाले, "त्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात काय होतं?"

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग भाजीकडं.

"आता नाही आठवत," त्या म्हणाल्या.

निवृत्त होताना सरांनी मला तो बिस्किटांचा डबा दिला. घरी येऊन उघडला. प्रत्येक चिठ्ठीची मागची बाजू भरलेली होती. सरांच्या अक्षरात बाईचं नाव, गाव, ओवीतला माणूस तिचा कोण, तो आता कुठं असतो. रविवारी ते कुठं गायब होतात याचे आम्ही स्टाफरूममध्ये काय काय तर्क लढवले होते. ते एस.टी.नं गावोगाव फिरत होते. जी माणसं त्यांनी फुल्या मारून उडवली होती, त्यांची एकेकाची चौकशी करत होते. त्याचं पुढं काय करायचं, हे मात्र त्यांना सुचलेलं दिसत नव्हतं. मलाही सुचलेलं नाही.

उंब्रजची चिठ्ठी तळाशी होती. मागच्या बाजूला बाईंचं नाव, आणि खाली तारखाच तारखा. सर दरवर्षी तिथं जाऊन आले होते. शेवटच्या तारखेपुढं लिहिलं होतं, बाई गेल्या, मुलगी सासरी. घराला कुलूप.

मी चिठ्ठी उलटी केली. शेवटच्या चरणाच्या जागी सरांनी पेन्सिलीनं दत्तूचं नाव लिहिलं होतं आणि खोडलं होतं. पुन्हा लिहिलं होतं, पुन्हा खोडलं होतं. किती वर्षं, कोण जाणे. कागद तिथं आधी काळवंडला असणार, मग पातळ झाला असणार. आता त्या जागी करंगळी जाईल एवढं भोक आहे.